जपानचा भूप

रेल्वेमार्गाने उज्जैन शहराचे दोन भाग केले आहेत. एका अंगास महाकाळाचे मंदिर, गोपाळ मंदिर, क्षिप्रेचे घाट आणि अरुंद गल्ल्यांची प्राचीन अवंतिका. दुसऱ्या अंगास टॉवर चौकाभोवती वसलेले, सरळ रस्त्यांचे फ्रीगंज, ज्यास माधवनगर असेही म्हणतात. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरास गेली. परंतु त्यांच्या पदरी म्हणून आलेली कित्येक मराठी कुटुंबे माळव्यातच रमली. त्यांच्या घरांत मराठी भाषा टिकली, गणपती टिकला, पुरणपोळी टिकली. आणि ह्या सर्वांबरोबर गाण्याविषयीचा एक विलक्षण धाकही टिकला.

हा धाक अकारण नव्हता. ह्याच संस्थानाच्या राजधानीत, ग्वाल्हेरात, १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभे राहिले. उज्जैनहून जवळच असलेल्या देवासात रजबअली खाँसाहेबांचे वास्तव्य होते, आणि त्याच देवासात १९४८ च्या जानेवारीत क्षयाने जर्जर झालेले तरुण कुमार गंधर्व हवापालटासाठी येऊन राहिले ते कायमचेच. एवढी उंच शिखरे भोवती असली म्हणजे पायथ्याच्या माणसास आपल्या उंचीची लाज वाटू लागते. फ्रीगंजमधील एखाद्या सुशिक्षित मराठी गृहस्थास चार माणसांत गावयास सांगावे, तर ‘आम्हाला कुठला गळा?’ हे उत्तर ठरलेले. आरती तेवढी तो खुल्या आवाजात म्हणे. कारण आरतीत सर्वांचाच आवाज मिसळलेला असतो आणि कोणाचाच वेगळा ऐकू येत नाही.

गेल्या काही वर्षांत हा धाक बराच ओसरला. हातातील दूरध्वनीवर वाद्यमेळ वाजू लागतो, पडद्यावर शब्द सरकू लागतात, आणि आयुष्यभर कधी स्नानगृहाबाहेर न गायलेला माणूस ध्वनिक्षेपक हाती धरून उभा राहतो. ह्या प्रकारास ‘कराओके’ म्हणतात. शब्द जपानी आहे; अर्धाच जपानी म्हणावयास हवा. ‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’ ह्या पाश्चात्य शब्दाचे जपानी जिभेने केलेले अर्धे रूप. रिकामा वाद्यवृंद, गायकाची जागा मोकळी ठेवलेला वाद्यवृंद.

पण यंत्र जपानचे आणि गाणी मुंबईची, अशी आतापर्यंत वाटणी होती. आता तीही मोडू लागली आहे. घरातील मुलगा किंवा सून तोक्योत नोकरीस असते. त्या शहराच्या एदोगावा विभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे भारतीय, मराठी गृहस्थ तेथील विभागीय सभेवर निवडून आले. मुलाकडे चार महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांस केव्हातरी मुलाच्या जपानी सहकाऱ्यांबरोबर कराओकेच्या छोट्या खोलीत बसण्याचा प्रसंग येतो. हिंदी गाणे म्हटले तरी यजमान टाळ्या वाजवितात. परंतु पाहुण्याने एखादे जपानी गीत, मोडकेतोडके का होईना, म्हटले तर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो निराळा. मग प्रश्न उभा राहतो, की कोणते म्हणावे? सोपे कोणते?

ह्या प्रश्नाचे उत्तर गाण्यांच्या यादीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक लाभाचे आहे. जपानी गाण्यांतील एक मोठा भाग सोपा आहे, कारण तो तसा हेतुपुरस्सर घडविला गेला. आणि ज्या साच्यात तो घडविला गेला, तो साचा माळव्यातील माणसास नवखा नाही.

१८७५ मध्ये इसावा शूजी नावाचा एक तरुण (जपानी नावांत कुळाचे नाव आधी येते) शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी जपान सरकारकडून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांती पाठविला गेला. तेथील अध्यापक विद्यालयात त्यास सर्व विषय साधले. एक गायन साधेना. पाश्चात्य सप्तकातील चौथा आणि सातवा स्वर, म्हणजे आपले मध्यम आणि निषाद, त्याच्या गळ्यातून जागेवर उमटत ना. ‘तू परका आहेस, तुला ह्या विषयातून सूट देतो,’ असे प्राचार्यांनी दयाळूपणे सांगितले. त्या दयेने इसावा इतका खिन्न झाला, की तीन दिवस रडत होता, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. अखेर बोस्टनमधील ल्यूथर व्हायटिंग मेसन ह्या संगीतशिक्षकाकडे जाऊन त्याने ते दोन स्वर घोटून घेतले. (ह्याच वास्तव्यात त्याने अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नवजात दूरध्वनीवरून आपल्या मित्राशी जपानीत संभाषण केले. इंग्रजीखेरीज अन्य भाषा त्या तारेवरून गेल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानतात.)

मायदेशी परतल्यावर १८७९ मध्ये शिक्षणखात्याने काढलेल्या संगीत-संशोधन कचेरीची सूत्रे इसावाकडे आली आणि १८८० मध्ये त्याने मेसनसाहेबास तोक्योस बोलावून घेतले. काम होते शाळांतील मुलांसाठी गाण्यांचे पुस्तक करण्याचे. येथे इसावाचा स्वतःचा अनुभव उपयोगी पडला असेल काय? निदान निष्पन्न झाले ते त्या अनुभवाशी जुळणारे होते. शालेय गीतांच्या पहिल्या पुस्तकावर १८८१ चे साल आहे. त्यात ज्या परकी चाली जपानी गळ्यांत चटकन बसल्या, त्यांतील सर्वांत नामांकित चाल स्कॉटलंडमधील एका निरोपगीताची. तीवर जपानी शब्द बसवून ‘होतारु नो हिकारी’, म्हणजे ‘काजव्यांचा प्रकाश’, हे गीत सिद्ध झाले. हीच चाल रवींद्रनाथ ठाकुरांनीही आपल्या एका प्रसिद्ध बंगाली गीतासाठी घेतली आहे. तिच्यात मध्यम नाही आणि निषादही नाही. उरतात ते षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि धैवत.

कोणताही शिकाऊ विद्यार्थी हे पाच स्वर ऐकताच नाव सांगेल: भूप. जपानी लोकांनी ह्या स्वरपंक्तीस ‘योनानुकी’ असे नाव दिले. ‘यो’ म्हणजे चार, ‘ना’ म्हणजे सात, ‘नुकी’ म्हणजे वगळलेले, चौथा-सातवा गाळलेली. नावातच व्याकरण आले. अर्थात भूप हा राग आहे आणि योनानुकी ही केवळ स्वरांची मांडणी आहे. वादी-संवादी, चलन, स्वरांवरील ठेहराव ह्यांचा तेथे प्रश्नच येत नाही. तेच पाच स्वर घेऊनही देशकार हा भूपाहून निराळा ठरतो, हे ज्यास ठाऊक आहे तो जपानी शालेय गीतास भूप म्हणण्याची घाई करणार नाही. पण गळ्यास शास्त्र ठाऊक नसते, वाट ठाऊक असते. ज्या गळ्यावर लहानपणापासून भूपाळीचे संस्कार झाले आहेत, आणि गीतरामायणातील पहिलेच गीत ज्याने भूपाच्या स्वरांत ऐकले आहे, त्यास ह्या जपानी वाटेवर दिवा लागत नाही.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. तोक्योत परक्या चालींवर जपानी शब्द बसविण्याचे काम सुरू झाले त्याच १८८० साली, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रथम प्रयोग झाला. त्यातील पदांवर ‘चाल’ म्हणून आधीच्या, लोकांच्या ओठांवर असलेल्या गीतांचा निर्देश असे. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच होती: चाल ओळखीची असली म्हणजे नव्या शब्दांची भीती वाटत नाही. परंतु पुढे दोन्ही वाटा अगदी उलट दिशांना गेल्या. १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, गोविंदराव टेंबे यांनी त्यास चाली दिल्या, आणि मराठी नाट्यपद हळूहळू तयारीच्या गळ्याचे धन झाले. प्रेक्षकाचे काम ‘वन्स मोअर’ देणे एवढेच उरले. जपानात १९१४ मध्ये टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ कादंबरीवरील नाटकासाठी नाकायामा शिम्पेई ह्या तरुण संगीतकाराने ‘कात्यूशाचे गाणे’ रचले. नाटकमंडळीच्या चालकाने त्यास सांगितले होते, की चाल जपानी लोकगीत आणि युरोपीय गीत ह्यांच्या मधली हवी. नाकायामाने योनानुकी स्वर घेतले. मात्सुई सुमाको ह्या नटीने ते गायिले, आणि ते शास्त्रशुद्ध गळ्याच्या आधारावाचून देशभर पसरले. मराठी नाट्यसंगीताने जे मिळविले त्याचे मोल कोणी कमी लेखणार नाही. पण त्याच वर्षांत जपानी नाट्यगीताने प्रेक्षकास गावयास लावले, ही गोष्टही खरी.

पुढील अर्धशतकात जपानी लोकप्रिय संगीताचा बराचसा भाग ह्याच पायावर उभा राहिला. कोगा मासाओ ह्याने १९३१ च्या सुमारास ह्या स्वरपंक्तीचे कोमल गांधार आणि कोमल धैवत घेणारे उदास रूप लोकप्रिय केले, आणि मद्य, अश्रू, विरह ह्यांची जी गीते पुढे ‘एन्का’ नावाने प्रसिद्धीस आली त्यांचे बीज तेथे पडले. ह्याहून जुनी, शुद्ध देशी अशी आणखी एक स्वरपंक्ती जपानात आहे. चेरीच्या फुलांवरील ‘साकुरा’ हे सुविख्यात गीत तिच्यात आहे. कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत. ते ऐकताना आपल्याकडील रसिकास गुणक्रीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सोप्या गाण्याचा हा इतिहास मात्र सर्वस्वी निष्पाप नाही. जे गाणे एका मुलाच्या गळ्यात चटकन बसते, ते दहा लाख सैनिकांच्या गळ्यांतही तितक्याच चटकन बसते. १९३७ मध्ये चीनवरील युद्ध पेटले तेव्हा कोसेकी यूजी ह्या संगीतकाराने सैनिकांच्या छावणीवरील ‘रोएइ नो उता’ हे गीत रचले आणि ते घराघरांत पोहोचले. चाल सोपी होती, स्वर ओळखीचे होते. गावयास अवघड वाटावे असे तिच्यात काहीच नव्हते, आणि अनर्थ नेमका तेथेच होता. अवघड गाण्यापुढे माणूस क्षणभर थांबतो, शब्दांकडे पाहतो. सोपे गाणे त्यास तेवढी उसंत देत नाही.

आणि मग १९४५ आले. त्या वर्षी मार्चच्या दहा तारखेस तोक्योवर झालेल्या अग्निवर्षावात नामिकी मिचिको ह्या तरुण गायिकेची आई मरण पावली. युद्ध संपल्यावर काही आठवड्यांतच एका चित्रपटासाठी तिने ‘रिंगो नो उता’, सफरचंदाचे गाणे, गायिले. १९४६ च्या आरंभी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. लाल सफरचंद, निळे आकाश, एवढाच त्याचा विषय. अन्नाची रांग, जळकी घरे आणि परतलेले जखमी शिपाई ह्यांच्यामध्ये हे गाणे सर्वत्र ऐकू येऊ लागले. ज्या सोपेपणाने लोकांस युद्धाच्या ओळीत उभे केले, तोच सोपेपणा आता त्यांस जगण्यासाठी उभे करीत होता.

जपानबाहेर गेलेले पहिले मोठे जपानी गीत ह्याच कुळातले. १९६१ मध्ये एई रोकुसुके यांनी शब्द लिहिले, नाकामुरा हाचिदाई यांनी चाल दिली, आणि साकामोतो क्यू ह्या तरुणाने गायिले: ‘उए ओ मुइते आरुको’, अर्थात ‘वर पाहत चालू या’. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचे ते गीत. प्रेमगीत म्हणून ते जगभर गेले. पण १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या संरक्षण-कराराविरुद्धचे आंदोलन निष्फळ ठरले, त्या निराशेतून एई यांस ते सुचले, असे सांगतात. १९६३ च्या जूनमध्ये ते अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत तीन आठवडे अग्रस्थानी होते. पाश्चात्य विक्रेत्यांनी त्याचे नाव बदलून ‘सुकियाकी’ ठेवले होते. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. एखाद्या मराठी विरहगीतास परदेशी ‘थालीपीठ’ असे नाव देऊन विकावे, त्यातलाच हा प्रकार. साकामोतो १९८५ च्या ऑगस्टमध्ये ज्या विमान-अपघातात गेले, त्यात ५२० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांचे गाणे मात्र आजही जपानात आबालवृद्धांस येते.

आपल्याकडे ह्याच सुमारास जपानचे नाव गाण्यात आले ते १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’ चित्रपटातून. ‘सायोनारा’ हा शब्द फ्रीगंजच्या पानपट्टीपर्यंत पोहोचला तो त्याच गीतामुळे; पण त्याची चाल शंकर-जयकिशन यांची, म्हणजे अस्सल आपली. जपानी चाल येथील मुलांच्या कानी पडावयास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. ती आली दूरचित्रवाणीवरील ‘डोरेमोन’च्या शीर्षकगीतातून.

आता यंत्राकडे वळावे. त्याच्या जन्मकथेत दोन माणसे पुढे येतात, आणि दोन्ही कथांच्या मुळाशी गाता न येणारा माणूस आहे हे लक्षणीय होय. १९६७ मध्ये तोक्योतील नेगिशी शिगेइची ह्या कारखानदारास कामावर येताना गुणगुणण्याची सवय होती. हाताखालच्या तंत्रज्ञाने त्याच्या गाण्याची थट्टा केली. आपला आवाज वाद्यमेळावर ऐकू आला तर तो इतका वाईट वाटणार नाही, असे मनात येऊन त्याने ध्वनिफीत, ध्वनिक्षेपक आणि कर्णा ह्यांची जोडणी करविली. कराओकेचे हे पहिले यंत्र समजतात. हे नेगिशी २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले. दुसरा इनोउए दाइसुके. कोबे शहरातील मद्यगृहांत हौशी गायकांस साथ करणे हा त्याचा व्यवसाय. एका कंपनीचे बेसूर गाणारे मालक त्याच्या साथीवर इतके खूष होते, की उष्णोदकाच्या झऱ्यांवर सहलीस जाताना त्यांनी त्यास बरोबर बोलाविले. इनोउएस जाणे शक्य नव्हते. म्हणून त्याने मालकांच्या पट्टीत आणि त्यांना झेपेल अशा लयीत साथ ध्वनिमुद्रित करून दिली. १९७१ मध्ये त्याने अशी अकरा यंत्रे करवून मद्यगृहांस भाड्याने दिली. शोधाचे स्वामित्व मात्र नोंदविले नाही, आणि अब्जावधी येन दुसऱ्यांच्या खिशात गेले. २००४ मध्ये अमेरिकेतील एका विनोदी ‘नोबेल’ संस्थेने त्यास शांततेचे पारितोषिक दिले. माणसांस एकमेकांना सहन करावयास शिकविल्याबद्दल!

वस्तुतः इनोउएने जे केले ते आपल्याकडील प्रत्येक चांगला पेटीवाला करीत आला आहे. गायक काळी चारमध्ये सुरू करून काळी पाचकडे सरकला, तर पेटीवाला चेहऱ्यावरची रेषा न हलविता त्याच्यामागे जातो. साथीदाराचा हा मोठेपणा आहे. आणि हीच पेटी १९४० पासून आकाशवाणीवर वर्ज्य होती. ती बंदी सैल झाली तीही १९७१ मध्ये, म्हणजे कोबेत यंत्रे बसली त्याच साली. आकाशवाणीने हौशी कानांसाठी ज्या संगीतप्रकारास प्रतिष्ठा दिली त्याचे नाव ‘सुगम संगीत’. १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कडवे कैवारी. त्यांनी चित्रपटगीतांस दार लावले आणि त्यांच्या जागी सुगम संगीत आणले. ज्यातून सुखाने जाता येते ते सुगम. पण येथील सुगम ऐकणाऱ्यासाठी सुगम होते, गाणाऱ्यासाठी नेहमीच होते असे नाही. भावगीत गुणगुणणे सोपे आणि गाणे कठीण, हा अनुभव घराघरांतला आहे.

तेव्हा कराओकेच्या खोलीत बसलेल्या फ्रीगंजच्या पाहुण्याने जपानी गीत निवडावे कसे? पहिली गोष्ट पल्ल्याची. स्वर पाचच आहेत म्हणून गाणे सोपे, असे समजून फसू नये. ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुर, ह्या बालगीतास यामादा कोसाकु यांनी १९२७ मध्ये चाल दिली. अवघी आठ मापे, लय संथ, स्वर भूपाचे. डोळे मिटून निवडावे असे. परंतु पहिल्याच ओळीत ते मंद्र पंचमावरून निघून तार षड्जास जाते. खालचा स्वर पोटातून निघत नाही आणि वरचा डोक्यात अडकतो, अशी नवख्याची स्थिती होते. उलट १९१४ च्या शालेय पुस्तकातील ‘फुरुसातो’, जन्मगाव, ह्यात मध्यम असूनही ते अधिक सुखावह आहे. ओळी सारख्या लांबीच्या, श्वासास हवी तेथे जागा, आणि चढण पायऱ्यापायऱ्यांची. शिवाय खोलीतील प्रत्येक जपानी माणूस दुसऱ्या ओळीपासून आपण होऊन साथ देणार, हा लाभ वेगळा. ‘उए ओ मुइते आरुको’मध्ये तर शेवटाकडे शब्द थांबतात आणि शीळ येते, शब्द विसरलेल्या पाहुण्यास याहून मोठा दिलासा कोणता?

पट्टीचा प्रश्न यंत्रच सोडविते. मूळ गायकाच्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरणे हा कराओकेतील सर्वांत सामान्य दोष आहे, आणि तो तोक्योइतकाच टॉवर चौकातही आढळतो. एक कळ दाबली की सबंध वाद्यवृंद अर्ध्या स्वराने खाली येतो. ती कळ दाबण्यात कमीपणा मानणारे लोक मग तार सप्तकात शिरा ताणून किंचाळतात.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या गर्दीची. जुन्या जपानी गीतांत बहुधा एका अक्षरास एक स्वर असतो. त्यामुळे जीभ अडखळत नाही. अलीकडील गीतांचे तसे नाही. गेल्या वीस वर्षांत संगणकातील कृत्रिम आवाजांसाठी रचना करणाऱ्या तरुणांची एक पिढी पुढे आली. यंत्रास श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे त्या रचनांत श्वासासाठी जागा ठेवण्याचे कारण उरले नाही. तीच शैली पुढे माणसांच्या गाण्यांतही उतरली. ‘योआसोबी’ ह्या जोडीचे २०१९ चे ‘योरु नि काकेरु’ अशाच धाटणीचे आहे. ऐकावयास मोहक, गावयास नवख्याने शिवू नये असे. समूहाने गावयाचे असेल तर २००३ मधील ‘स्माप’ ह्या पाच जणांच्या मंडळीचे ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’, जगातील एकमेव फूल, पुष्कळच दयाळू आहे. ते मुळातच एकत्र गाण्यासाठी आहे, आणि एकाचा चुकलेला स्वर दुसऱ्याच्या पदराखाली झाकला जातो.

राहता राहिली भाषा, आणि येथे मराठी माणसास एक अनपेक्षित वारसा लाभला आहे. जपानीचे स्वर अ, इ, उ, ए, ओ असे पाच, मोकळे आणि स्वच्छ. देवनागरीत ती भाषा बहुतांशी जशीच्या तशी उतरविता येते. ‘त्सु’ हे जपानी अक्षर इंग्रजांस जड जाते, हिंदी भाषकासही ते प्रयासानेच येते. मराठी माणूस ‘चमचा’ आणि ‘चाक’ म्हणताना जो दंततालव्य च उच्चारतो, त्याच्याशी हा ध्वनी जवळजवळ जुळतो. माळव्यात सात पिढ्या काढूनही ज्या घरात हा च टिकला, त्या घरातील पाहुण्याची जपानी ‘त्सु’वर पहिल्या दिवशीच हुकमत असते! ऱ्हस्व-दीर्घाचे मात्र जपून. लिहिताना त्यावरून गुण गमावणारे आणि बोलताना तो भेद न पाळणारे आपण. जपानीत ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. सुदैवाने गीतात दीर्घ स्वरास सहसा दुप्पट वेळ दिलेला असतो. चाल नीट ऐकली की व्याकरण आपोआप सांभाळले जाते.

ह्या खोल्यांचाही एक इतिहास आहे. कराओके मद्यगृहांतून बाहेर पडून स्वतंत्र लहान खोल्यांत गेले ते १९८५ च्या सुमारास, ओकायामा प्रांतात. मालवाहू पेटारे रिकामे करून त्यांतच गाण्याची सोय केली गेली, असे सांगतात. हे ओकायामा म्हणजे ज्याच्या उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभे आहे तेच. खोली बंद असल्यामुळे अनोळखी श्रोते नाहीत, आणि ज्यांच्यापुढे गावयाचे तेही पुढचे गाणे निवडण्यात गुंतलेले असतात. फ्रीगंजचा जुना धाक घेऊन गेलेल्या माणसास ह्यापेक्षा सुरक्षित मैफल मिळणे कठीण.

मैफलीनंतर रात्री उशिरा बाहेर पडताना जपानातील दुकानांतून एक संथ, तीन मात्रांची सुरावट कानी पडते. दुकान बंद होत आहे, गिऱ्हाइकांनी निघावे, असा तिचा अर्थ. सबंध देशास तो ठाऊक आहे. ही चाल म्हणजे इसावा आणि मेसन यांच्या १८८१ च्या पुस्तकातील तेच ‘काजव्यांचा प्रकाश’. एका अमेरिकन चित्रपटात तिचे तीन मात्रांचे रूप आले होते. तो १९४९ मध्ये जपानात लागला तेव्हा एका ध्वनिमुद्रिका कंपनीने ती बांधणी पुन्हा करून घेतली. मुद्रिकेवर नाव परदेशी वाटावे असे छापले होते: युजीन कॉस्मन. तो मनुष्य परदेशी नव्हता. युद्धकाळात छावणीचे गीत रचणारे कोसेकी यूजीच ते.